आपल्या नावावर कुणाची खुर्ची काढून घेऊ देऊ नका

इंग्लिश फुटबॉल क्लबांच्या महाराष्ट्रातल्या सर्व समर्थक मंडळांना खुले पत्र

मित्रांनो,

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि आमचं कोल्हापूर. शनिवार-रविवारी संध्याकाळी एखाद्या हॉटेलात, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर पडदा बांधून तुम्ही युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी, स्पर्सच्या मॅच बघता. जर्सी घालता, गाणी म्हणता, हरल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. हे पत्र तुम्हाला आहे. क्लबांच्या मालकांना तिकडची माणसं वर्षानुवर्षं पत्रं लिहीत आहेत. मला तुमच्याशी बोलायचंय, कारण या सगळ्या प्रकरणात तुमचं-माझं नाव पुढे केलं जातंय.

प्रकरण थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधले मोठे क्लब मैदानातल्या चांगल्या जागा जुन्या सीझन तिकीटवाल्यांकडून (अख्ख्या मोसमाचे घरचे सामने एकाच खुर्चीवरून बघणाऱ्यांकडून) काढून घेत आहेत आणि तिथे हॉस्पिटॅलिटी आणत आहेत. म्हणजे गादीची खुर्ची, मागे लाउंज, मॅचच्या आधी जेवण, हातात पेला आणि मध्येच एखादा माजी खेळाडू येऊन गप्पा मारणार. २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने ओल्ड ट्रॅफर्डवर डगआउटच्या, म्हणजे प्रशिक्षक आणि राखीव खेळाडूंच्या बाकाच्या, आसपास बसणाऱ्या काहीशे सीझन तिकीटधारकांना दुसरीकडे हलवून ती जागा हॉस्पिटॅलिटीला द्यायचं ठरवलं. त्याच्या आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच क्लबने मोसम चालू असताना उरलेल्या सामन्यांची सदस्यांसाठीची तिकिटं सरसकट ६६ पौंडांवर नेली. लहान मुलाला सवलत नाही, म्हाताऱ्यालाही नाही. स्पर्सने, म्हणजे टॉटनहॅमने, २०२४ मध्ये ज्येष्ठांची सवलत टप्प्याटप्प्याने कमी करायचं आणि नव्या ज्येष्ठांना ती न देण्याचं जाहीर केलं. फुलहॅमने थेम्सच्या काठावरचा रिव्हरसाइड स्टँड नव्याने बांधला, तर तिथली तिकिटं पाहून त्या भागात जन्म काढलेल्या माणसांनी हात जोडले. मँचेस्टर सिटीने २०१७ मध्येच काचेच्या भिंतीचा टनेल क्लब काढला होता. खेळाडू मैदानात जायला निघतात ते काचेतून बघायचं, त्याचे पैसे वेगळे.

वेगवेगळ्या क्लबांच्या या गोष्टी एकाच हिशोबातून आलेल्या आहेत. समजा एका खुर्चीचं वर्षाचं सीझन तिकीट ८०० पौंड. लीगचे घरचे सामने १९. म्हणजे एका सामन्याला ४२ पौंड हाती आले. तीच खुर्ची जेवणासकट विकली तर एका सामन्याचेच काहीशे पौंड मिळतात, आणि गिऱ्हाईक दर सामन्याला नवं. नवं गिऱ्हाईक दुकानातून जर्सी घेतं, मफलर घेतं, फोटो काढतं. जुना माणूस तीस वर्षांपूर्वीचा मफलर गुंडाळून येतो आणि घरी जाऊन जेवतो. हिशोबाच्या वहीत तो तोट्याचा माणूस.

आणि हे नवं गिऱ्हाईक कोण? बऱ्याचदा कंपन्या, आपल्या ग्राहकांना खूश करायला आलेल्या. पण दुसरं नाव आपलं आहे. क्लब म्हणतात: ‘आमचा क्लब आता जगाचा आहे, जगभरातून चाहते येतात, त्यांना अनुभव द्यायला हवा.’ भाषा थोडी इकडेतिकडे, सूर हाच. इथल्या ट्रॅव्हल कंपन्या विमान, हॉटेल आणि मॅच असं एकत्र पॅकेज विकतात, त्यातली मॅच बहुतेक वेळा हॉस्पिटॅलिटीचीच असते. जन्मात एकदा तरी ते मैदान डोळ्यांनी बघावं ही इच्छा मला कळते, ती माझीही होती. त्या इच्छेत वाईट काही नाही. तिच्या जोरावर दुसऱ्याला उठवलं जातंय, ते वाईट आहे.

माझा आत्तेभाऊ इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. त्याच्याकडे एका क्लबचं सीझन तिकीट होतं, क्लबचं नाव इथे महत्त्वाचं नाही. एका मॅचला त्याची ड्युटी लागली आणि मी तिथे होतो, म्हणून क्लबच्या नियमाप्रमाणे तिकीट माझ्या फोनवर पाठवून त्याने मला त्याच्या जागी बसायला धाडलं. आधी पाऊस पडून गेलेला. शेजारच्या गृहस्थांनी खिशातून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं, आपली खुर्ची पुसली आणि काही न बोलता माझीही पुसली. खुर्चीच्या पाठीवर आकड्याची छोटी पट्टी होती. मागच्या रांगेतल्यांचे गुडघे घासून त्यातला एक आकडा पार पुसला गेला होता. त्या गृहस्थांचं वय सत्तरीच्या पुढे. कॉर्नर मिळाला की ते पुढच्या दांडीला धरून उठत, आणि त्यांच्या मागे अख्खी रांग उठे. त्यांच्या वडिलांनी त्यांना याच ब्लॉकमध्ये आणलं होतं, खुर्च्या नव्हत्या तेव्हा, उभं राहून बघायचे दिवस होते तेव्हा. आसपास बसणाऱ्या सहा-सात जणांची नावं, मुलंबाळं, दुखणीखुपणी त्यांना पाठ. कुठून आलास विचारलं, कोल्हापूर म्हणालो. आमच्याकडे पेठापेठांत तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियमवर फायनलला पाय ठेवायला जागा नसते, हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला: तिकीट केवढ्याला? आकडा ऐकून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, सांभाळा.

पुढच्या उन्हाळ्यात त्या ब्लॉकमधल्या सगळ्यांना क्लबचा मेल गेला. ब्लॉकचं ‘अपग्रेड’ होणार होतं. हवं तर वाढीव दराने तिथेच राहा, नाहीतर आम्ही देऊ ती जागा घ्या. त्या सहा-सात जणांना मिळालेल्या जागा तीन वेगवेगळ्या स्टँडमध्ये होत्या. गृहस्थांना वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. तिथे चढून जायला किती पायऱ्या आहेत हे तिथे बसून आलेल्यालाच माहीत. त्यांनी तिकीट सोडलं. आत्तेभावाने अजून ठेवलंय, पण तो म्हणतो की आता मॅच बघायला जातो, माणसांना भेटायला जात नाही.

आपल्या लोकांना हे जास्त समजावून सांगायची गरज नसावी. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले, खंडोबा आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच लागली, की कोण कुठल्या बाजूला बसणार हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोराला विचारा. ती बाजू कुणी विकत घेतलेली नसते. आजोबा बसले, बाप बसला, म्हणून ती त्यांची. इंग्लंडमधले क्लबही अशाच मातीतून उगवले. मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये रेल्वेच्या कामगारांनी न्यूटन हीथ या नावाने सुरू केला. आर्सेनल १८८६ मध्ये वूलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी. वेस्ट हॅमचं मूळ थेम्सकाठच्या जहाजबांधणी कारखान्यात. कामाची शिफ्ट संपली की सरळ मैदानात, हा त्यांचा शनिवार होता. मालक बदलले, मैदानं बदलली. माणसांची साखळी तुटली नव्हती, ती आता तोडली जातेय.

तुम्ही म्हणाल, आपल्याला टीव्हीवर मॅच दिसते, तिकडे कोण कुठे बसतो याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. २०२० चा उन्हाळा आठवा. कोरोनात जून महिन्यात रिकाम्या मैदानांत लीग पुन्हा सुरू झाली. तेच खेळाडू, तेच गोल, आणि तरी पंधरा मिनिटांत रिमोट हातात यायचा. शेवटी प्रक्षेपणाला व्हिडिओ गेममधला प्रेक्षकांचा आवाज जोडावा लागला. आपण टीव्हीची वर्गणी भरून जे बघतो, त्यातला अर्धा भाग त्या आवाजाचा आहे. तो आवाज लाउंजमधून येत नाही. २००० मध्ये डायनामो कीवविरुद्धच्या मॅचनंतर युनायटेडचा कर्णधार रॉय कीनने आपल्याच मैदानातल्या लोकांना सुनावलं होतं की काही जण चार पेले घेतात, कोळंबीचं सँडविच खातात आणि मैदानात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. त्याला आता पाव शतक झालं. वेम्बलीवरची कुठलीही फायनल बघा. कॅमेऱ्यासमोरचा मधला अख्खा पट्टा क्लब वेम्बलीचा, म्हणजे हॉस्पिटॅलिटीच्या महागड्या जागांचा, सुमारे १७ हजार जागा. दुसरा हाफ सुरू होऊन दहा मिनिटं झाली तरी त्यात लाल खुर्च्या मोकळ्या दिसतात, कारण माणसं अजून आत जेवत असतात. एखादा मुलगा त्या खुर्चीसाठी रात्रभर रांगेत उभा राहिला असता.

परदेशी प्रक्षेपण हक्कांचा पैसा २०२२ ते २०२५ च्या करारांत पहिल्यांदाच ब्रिटनमधल्या हक्कांच्या पुढे गेला. त्यात आपल्याही वर्गणीचा वाटा आहे. म्हणजे आवाज ती माणसं तयार करतात, क्लब तो आपल्याला विकतो, आणि आपल्याकडून आलेल्या मागणीचं कारण सांगून त्याच माणसांना बाहेर काढतो.

क्लबांची बाजू मी ऐकून घेतलेली आहे. ती अशी: प्रीमियर लीगच्या २०२५-२६ च्या मोसमापर्यंतच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत १०५ दशलक्ष पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता, खेळाडू महाग झालेत, मैदानाचं उत्पन्न वाढवलं नाही तर माद्रिद आणि म्युनिकशी टक्कर कशी देणार? पैसे लागतात हे खरं. पण आकडेमोड करून बघा. वीस हजार साध्या तिकिटांवर प्रत्येकी दहा पौंड वाढवले आणि १९ सामने धरले, तर वर्षाला ३८ लाख पौंड मिळतात. आठवड्याला ७५ हजार पौंड पगार घेणारा खेळाडू वर्षाला ३९ लाख नेतो. आजच्या प्रीमियर लीगमध्ये हा पगार बाकावर बसणाऱ्यालाही मिळतो. वीस हजार घरांचं बजेट कोलमडवायचं आणि त्यातून एका राखीव खेळाडूचा पगारही पुरा निघत नाही. ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचा २०२५ पासूनचा चार वर्षांचा करारच ६.७ अब्ज पौंडांचा आहे. एवढ्या पैशात साधं तिकीट थोपवून धरणं अशक्य आहे, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

हॉस्पिटॅलिटीच्या बाजूने सगळ्यात दमदार बोलणं मी एका जर्मन माणसाचं ऐकलंय. २००७ मध्ये बायर्न म्युनिकच्या सभेत मैदानातल्या थंड वातावरणाबद्दल चाहत्यांनी तक्रार केली, तेव्हा क्लबचे व्यवस्थापक उली हेनेस भडकले. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा होता की बॉक्समधल्या (हॉस्पिटॅलिटीच्या खासगी खोल्यांमधल्या) लोकांच्या खिशातून आम्ही पैसे काढतो, म्हणूनच तुम्हाला सात युरोत स्टँडमध्ये येता येतं. चाहत्यांना राग आला, आणि बोलण्याची पद्धत मलाही आवडली नाही. पण मुद्दा खरा आहे, आणि बायर्नने तो पाळलाही. त्यांचं उभं राहून बघायचं सीझन तिकीट आजही इंग्लंडमधल्या कुठल्याही मोठ्या क्लबच्या तुलनेत फारच स्वस्त आहे. श्रीमंताकडून घ्या आणि त्यातून गरिबाची जागा स्वस्त ठेवा, ही हॉस्पिटॅलिटी मला मान्य आहे. डॉर्टमुंडलाही बॉक्स आहेत, आणि त्याच मैदानात जवळजवळ २५ हजार माणसं उभी राहणारी पिवळी भिंतही आहे. इंग्लंडमध्ये बॉक्सवालाही वाढतोय आणि साध्या तिकिटाचा दरही वाढतोय, मग बॉक्सचा पैसा साध्या माणसाच्या कुठल्या उपयोगी पडला? जर्मनीत हे जमतं त्याचं मोठं कारण ५०+१ चा नियम. मतांचं बहुमत क्लबच्या सदस्यांकडे राहतं, तेव्हा सदस्याला खुर्चीवरून उठवणं सोपं नसतं.

नवं मैदान बांधताना वेगळा भाग ठेवला तर त्यावरही माझी फार तक्रार नाही. २००६ मध्ये आर्सेनल हायबरीच्या ३८ हजारांच्या मैदानातून एमिरेट्सच्या ६० हजारांवर गेला, तेव्हा मधला मजला क्लब लेव्हल म्हणून बांधला, सुमारे सात हजार जागांचा. त्या जागा आधी कुणाच्याच नव्हत्या. बसलेल्या माणसाला उठवून तिथे गादी टाकणं ही निराळी गोष्ट आहे.

हे सगळं होणार याची धोक्याची सूचना फार आधी मिळाली होती. एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. जानेवारी १९९० मध्ये त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल आला आणि मोठ्या मैदानांत उभं राहणं बंद होऊन सगळीकडे खुर्च्या आल्या. त्याच अहवालात त्यांनी लिहून ठेवलंय की खुर्च्या आल्या म्हणून तिकीट परवडेनासं व्हायचं कारण नाही. ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर उभं राहायला ४ पौंड आणि बसायला ६ पौंड घेतात, हा दाखला त्यांनी दिला. क्लबांनी खुर्च्यांची शिफारस उचलली, ६ पौंडांची ओळ सोडून दिली. त्या खुर्च्यांमागे ९७ माणसांचे जीव आहेत. म्हणून त्यांची विक्री बघताना मला राग येतो.

आपणही या अनुभवातून गेलेलो आहोत. मुंबईत ब्रेबॉर्न असताना वानखेडे का उभं राहिलं हे जुन्या लोकांना विचारा. ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेला किती तिकिटं द्यायची यावरून भांडण पेटलं, तेव्हा शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियम बांधून दाखवलं. १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. आणि त्याच वानखेडेवर २०११ च्या वर्ल्ड कपची फायनल आली, तेव्हा सुमारे ३३ हजारांतली जेमतेम ४ हजार तिकिटं सर्वसामान्यांसाठी विक्रीला होती. बाकीची क्लब, संघटना, पाहुणे. तेव्हा रांगेतून रिकाम्या हाताने परत आलेले आपल्यात कितीतरी असतील. तो संताप आठवत असेल, तर इंग्लंडमधल्या त्या म्हाताऱ्या माणसाची बाजू घेणं अवघड जाऊ नये.

बाजू घेतली तर फरक पडतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने नव्या मेन स्टँडचं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड ठरवलं. सुंदरलँडविरुद्धच्या मॅचला ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठली आणि चालू मॅच सोडून बाहेर पडली. लिव्हरपूल २-० पुढे होता, मॅच २-२ सुटली. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि ७७ पौंडांचा बेत रद्द केला. त्याच वर्षी पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आली, ती अजून टिकून आहे. २०२१ मध्ये युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगचा घाट घातला गेला, तोही रस्त्यावर उतरलेल्या चाहत्यांनी दोन-तीन दिवसांत हाणून पाडला. २०२४ मध्ये फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशनने निष्ठेचा गैरफायदा घेणं थांबवा, ही मोहीम सुरू केली, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या क्लबांचे चाहते त्यात एकत्र आले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉलचा नवा कायदा झाला. स्वतंत्र नियामक आला, आणि तिकिटांच्या दरांबद्दल क्लबांनी चाहत्यांशी सल्लामसलत करायची हे त्यात आलं. तिकडच्या चाहत्यांना सल्ला विचारला जाईल, तेव्हा क्लब ‘जगभरच्या चाहत्यांची मागणी’ हे कारण पुढे करेल. त्या वेळी आपण आधीच बोललेलो असायला हवं.

तुमची मंडळं अधिकृत आहेत. क्लबकडे तुमची नोंद आहे, पत्रव्यवहार आहे, काही क्लब तुमच्यासाठी तिकिटांचा छोटा कोटाही ठेवतात. तर मंडळाच्या नावाने क्लबला लिहा, की आमच्यासाठी कुठल्याही जुन्या सीझन तिकीटधारकाला हलवू नका. आम्हाला यायचं असेल तेव्हा सदस्यांच्या सोडतीतून येऊ, न येणाऱ्याने क्लबच्याच पोर्टलवर परत दिलेलं तिकीट मूळ दराने घेऊन येऊ. त्याची एक प्रत त्या क्लबच्या चाहत्यांच्या ट्रस्टला, म्हणजे तिथल्या चाहत्यांच्या संघटनेला, पाठवा. युनायटेडचा ट्रस्ट, लिव्हरपूलची स्पिरिट ऑफ शँक्ली, स्पर्स आणि आर्सेनलचे ट्रस्ट, सगळ्यांचे पत्ते त्यांच्या वेबसाइटवर आहेत. परदेशातल्या मंडळाचं असं पत्र त्यांच्या हातात असेल तर बैठकीत क्लबला ते कारण पुढे करता येणार नाही.

आणि तुमच्यापैकी कुणी पॅकेज घेणार असेल, तर पैसे भरण्याआधी विकणाऱ्याला एवढंच विचारा: ब्लॉक कुठला? हा ब्लॉक हॉस्पिटॅलिटीत कधी आला? उत्तर गेल्या वर्षीचं असेल, नाहीतर उत्तरच मिळालं नाही, तर ते पॅकेज घेऊ नका. दुसऱ्या ब्लॉकचं मागा, कप स्पर्धेतली कमी गर्दीची मॅच बघा, महिला संघाची मॅच बघा. साध्या स्टँडमध्ये बसा. तिथे शेजारचा तुमची खुर्ची पुसून देईल, तुमच्या गावाची चौकशी करेल.

क्लबला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी इंग्रजीत तयार केलाय. कुठल्याही मंडळाला हवा असेल तर कळवा, पाठवतो. बदल करून स्वतःच्या नावाने पाठवा, माझं नाव नको. नव्या मोसमाचे सीझन तिकिटांचे दर क्लब साधारण वसंतात जाहीर करतात, त्याच्या आधी पत्रं पोचली पाहिजेत.

आपला,
कोल्हापूरचा एक फुटबॉलप्रेमी